नंबर ब्लॉक करून हे फ्रॉडवाले थांबणार आहेत का?

सातारकर: बाबांना महिनाभर झाला सारखे कॉल येतायत, तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, क्राइम ब्रँचला जोडून देतो वगैरे. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फसव्या कॉलची तक्रार करायला चक्षू आहे, तिथे तक्रार टाकली, तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या नंबरवरून तोच माणूस, तोच आवाज! बाबा एकटे असतात, फोन वाजला तरी दचकतात हो. सावध रहा सावध रहा सगळे सांगतात, पण सिम घेताना ओळखपत्र द्यावं लागत असताना यांना नवीन नंबर मिळतातच कसे??

बँकवाला_दादा: सिम त्यांच्या नावावर नसतंच. एका नावावर ९ सिम चालतात, दुकानात साध्या माणसाचा अंगठा दोनदा घेतला की जास्तीचं एक सिम तयार, आणि बोलणारा बसलेला असतो कंबोडिया नाहीतर म्यानमारमध्ये. त्यामुळे नंबर बंद करून त्याचं काहीच बिघडत नाही. त्याला अडवायचं तर पैसे जिथे जातात तिथे, म्हणजे दुसऱ्यांच्या नावाची, भाड्याने घेतलेली खाती. दोन-तीन हजार शिल्लक असलेल्या खात्यात एका दुपारी लाखो येतात आणि लगेच दहा ठिकाणी फुटतात, हे सिस्टिमला दिसत नाही असं होऊच शकत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डिजिटल अरेस्टचा (पोलीस असल्याचं भासवून, अटकेची भीती घालून पैसे उकळायचे, त्याचा) तपास सीबीआयकडे दिला तेव्हा रिझर्व्ह बँकेलाही हेच विचारलं, की अशी खाती शोधायला एआय का वापरत नाही.

मीरा_नाशिक: अगदी बरोबर. माझ्या मावशीचे पैसे गेले, सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला लगेच फोन केला म्हणून थोडे होल्ड झाले, बाकी गेले ते गेलेच. बँक म्हणते तुम्ही स्वतः पाठवले, आमची जबाबदारी नाही. अहो पण ज्या बँकेने त्या चोराचं खातं उघडलं तिला कोण विचारणार? मला याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

प्रथमेश७७: मान्य आहे, पण जागृती अगदीच फुकट नाही. डिजिटल अरेस्ट नावाचं कायद्यात काही नाही हे माहीत होतं म्हणून आमच्या शेजारच्या आजोबांनी फोन ठेवला. @सातारकर, बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपला अनोळखी कॉल सायलेंट करायचं सेटिंग आहे ते आजच चालू करा, आणि नेटबँकिंगची रोजची लिमिट एकदम कमी करून ठेवा, एफडी ऑनलाइन मोडता येत असेल तर तेही बंद करता येतं का बँकेत विचारा.

सातारकर: सेटिंग केलं, थँक्स. एफडीचं उद्या बाबांना घेऊन ब्रँचमध्ये जातो. त्या भाड्याच्या खात्यांबद्दल आपल्याला बँकिंग लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी) लिहिता येतं का, की ज्याचे पैसे गेलेत त्यानेच लिहायचं?