डायनोवर माझे २२ एचपी हरवले, कुठं गेले कोणी सांगेल का?

चाळीसगाव_टीडीआय:
नमस्कार मंडळी. गाडी पोलो जीटी टीडीआय, जुनी १.६ वाली, कंपनीचा आकडा १०५ पीएस ताकद आणि २५० एनएम टॉर्क, सेकंड हँड घेतलेली, दोन वर्षं झाली. जानेवारीत पुण्याला काम होतं तर हौस म्हणून एका ठिकाणी डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायच्या मशीनवर, चढवली, ९२.४ आला. म्हटलं ठीक, जुनी गाडी आहे, थोडी थकली असेल. मग मार्चमध्ये नाशिककडच्या एका ट्यूनरकडे स्टेज वन रिमॅप मारला, म्हणजे पार्ट न बदलता इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली, त्याच्याकडे त्याचाच डायनो, शीट दिली १३८ ची. मी एकदम खूश, व्हॉट्सअॅप स्टेटसला पण टाकली. रिमॅपच्या आधी त्यानं रन घेतला नाही, म्हणाला सगळ्यांना माहितीय स्टॉक, म्हणजे रिमॅपच्या आधीचा आकडा, किती असतो.

आता मे मध्ये परत पुण्याला गेलो तर त्या पहिल्याच डायनोवर सहज बघू म्हणून चढवली, आला फक्त ११६! म्हणजे दोन महिन्यात २२ गायब. गाडी चालवताना तर फरक वाटत नाही, कन्नड घाट तिसऱ्यात अजून मस्त चढते, धूर पण वाढलेला नाही. ट्यूनरला फोन केला तर तो म्हणतो तो पुण्याचा डायनो कमी दाखवतो, पुण्यावाला म्हणतो नाशिकवाला फुगवून दाखवतो. मित्र म्हणतात फसला तू. खरं कोण?

धुळेकर_स्पॅनर:
काय भाऊ, काबर टेन्शन ली ऱ्हायना तू! गाडी पयी ऱ्हायनी ना? मंग बस. कागद काय घाटात ढकलणार आहे का. सुरत हायवेवर एकाच पट्ट्यात, चौथ्या गिअरला ६० ते १०० स्टॉपवॉच लाव, जाताना एकदा आणि येताना एकदा म्हणजे वारा कटेल, मोकळा रस्ता बघून अन् शेजारी माणूस बसवून, स्वतः मोबाइल धरू नको. तोच खरा डायनो.

भुसावळ_४७डिग्री:
स्टॉपवॉच बरोबर आहे पण प्रश्नाचं उत्तर नाही. दादा, दोन्ही शीटच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी टाका. तीन गोष्टी बघा, पॉवर व्हीलची का इंजिनची, युनिट एचपी का पीएस, आणि करेक्शन, म्हणजे त्या दिवसाच्या हवेचं तापमान आणि प्रेशर धरून केलेली दुरुस्ती, कोणतं. त्याशिवाय १३८ आणि ११६ मध्ये वजाबाकी करायचीच नाही, ती आंब्यातून केळी वजा केल्यासारखी होते.

चाळीसगाव_टीडीआय:
बघितलं. पुण्याच्या दोन्ही शीटवर व्हील पॉवर, एचपी, एसएई. नाशिकच्या शीटवर इंजिन पॉवर, पीएस, एसटीडी. याचा अर्थ काय ते आता सांगा, मला वाटलं होतं सगळं एकच असतं.

भुसावळ_४७डिग्री:
अहो मग चोरी सापडली की! चोरी पण नाही खरं तर.

कंपनीचे १०५ पीएस म्हणजे इंजिन गाडीबाहेर काढून बेंचवर लावून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या टोकाच्या जड चाकाला, मोजलेली ताकद. रोलरवर पोचेपर्यंत ती गिअरबॉक्स, अॅक्सल आणि टायरमधून येते, रस्त्यात थोडी खर्ची पडते. १०५ पीएस म्हणजे साधारण १०३.५ एचपी, कारण १ एचपी म्हणजे १.०१४ पीएस. तुमचा स्टॉक रन ९२.४ व्हील, म्हणजे ११ एचपी वाटेत गेले, १०-११ टक्के. फ्रंट व्हील ड्राइव्हला हे अगदी नॉर्मल. म्हणजे तुमची गाडी थकलेली वगैरे काही नव्हती.

आता ११६ व्हीलवरून उलटं जाऊ. तेवढेच ११ मिळवले तर १२७, टक्क्यानं काढलं तर १३०. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठंतरी, कारण लॉसचा काही भाग फिरण्याच्या वेगावर असतो आणि काही भाग टॉर्क वाढला की वाढतो. १३० एचपी धरले तर ते झाले १३२ पीएस. राहिला प्रश्न ६ चा. एसटीडी हे जुनं करेक्शन, त्यात हवा १५.५ अंशाची आणि प्रेशर समुद्रसपाटीचं धरतात, एसएई मध्ये २५ अंश आणि ९९० मिलिबार. त्यामुळे एकाच रनचा आकडा एसटीडी मध्ये एसएई पेक्षा साधारण ४ टक्के जास्त दिसतो. १३२ ला ४ टक्के लावा, झाले १३७. उरलेला १ पीएस ट्यूनरच्या चहाचा.

(१५.५ अंश! आपल्याकडं एवढी थंड हवा मिळायला डिसेंबरची पहाट लागते.)

रावेर_केळीवाला:
वरचा हिशोब मले पटला पण सोप्या भाषेत सांगतो. दादा तुम्ही शेतकरी घरातले असाल तर ट्रॅक्टरचं आठवा. ४५ चा ट्रॅक्टर म्हणून घेतो आपण आणि पीटीओला, म्हणजे मागं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टला, भेटतात ३८-३९. तेव्हा कोणी म्हणतं का सहा एचपी चोरले म्हणून? बुदनीच्या सरकारी ट्रॅक्टर टेस्टिंग सेंटरच्या रिपोर्टमध्ये पीटीओचा आकडा वेगळा छापलेलाच असतो. कारवाल्यांना तो आकडा कंपनी सांगत नाही म्हणून डायनोवर गेले की झटका बसतो.

दुसरं, भुईकाटा. केळीची गाडी भरून एका काट्यावर तोलली आणि रिकामी दुसऱ्या गावच्या काट्यावर, तर त्या पावतीवर कोणता व्यापारी पैसे देईल? काटा ५० किलो जास्त दाखवत असला तरी भरली-रिकामी दोन्ही त्याच काट्यावर असेल तर फरक बरोबरच निघतो. तुमच्याकडं एकाच काट्याच्या दोन पावत्या आहेत, ९२.४ आणि ११६. रिमॅपनं चाकावर साडेतेवीस एचपी वाढवले, पाव पट. विषय संपला. नाशिकची पावती रिकाम्या गाडीशिवायची आहे, ती फ्रेम करून भिंतीला लावा.

धुळेकर_स्पॅनर:
विषय नाय संपला. पहिली पावती जानेवारीची अन् दुसरी मे ची. उन्हाळ्यात शेडमध्ये टर्बो डिझेल रोलरवर उभी केली, समोर तो टेबल फॅनसारखा पंखा, इंटरकूलरला, म्हणजे टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीला, वारा कुठून मिळणार? रस्त्यावर ८० ला जेवढी हवा लागते तेवढी तो पंखा देतच नाही. लागोपाठ दोन-तीन रन मारले की प्रत्येक रनला एक-दोन एचपी खाली येतात, मी स्वतः बघितलंय. भाऊ तुझा कितवा रन पकडला त्यांनी?

चाळीसगाव_टीडीआय:
तीन मारले. ११६, ११४.५, ११३. त्यांनी सगळ्यात मोठा प्रिंट केला. जानेवारीत दोनच मारले होते, ९२.४ आणि ९२.१.

धुळेकर_स्पॅनर:
हे बघ. थंडीत दोन्ही रन सारखे, उन्हाळ्यात घसरगुंडी. इंटरकूलर तापला. थंडीत तीच गाडी अजून दोन-चार जास्त दाखवेल.

भुसावळ_४७डिग्री:
धुळेकरांशी सहमत, आणि एक बारीक गोष्ट. ते करेक्शनचे फॉर्म्युले मुळात साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनवर चांगले बसतात. टर्बो गाडीत हवा पातळ झाली तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टर्बोकडून जास्त काम करून घेतो आणि बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेल्या हवेचं प्रेशर, जमेल तेवढा भरून काढतो. पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथं हवेचं प्रेशर समुद्रकाठापेक्षा ६ टक्के कमी, साधी पेट्रोल गाडी तेवढी मार खाते पण तुमची टीडीआय तेवढी खात नाही. तरी सॉफ्टवेअर आंधळेपणानं तेवढे टक्के लावून मोकळं होतं. म्हणून टर्बो डिझेलची शीट मागताना करेक्शन न लावलेला आकडा पण मागून घ्या, बटण दाबलं की येतो.

आणि टॉर्क किती दाखवलाय नाशिकला?

चाळीसगाव_टीडीआय:
३४५ एनएम. पुण्याच्या शीटवर टॉर्क छापलाच नाही.

भुसावळ_४७डिग्री:
त्यावर फार जीव लावू नका. पॉवर काढायला रोलरवरचा जोर आणि रोलरचा वेग पुरतो, इंजिनचे आरपीएम लागत नाहीत. टॉर्कला मात्र लागतात. पेट्रोलला प्लगच्या वायरीला क्लॅम्प लावून आरपीएम घेता येतात, डिझेलला प्लगच नाही, मग ओबीडीवरून (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटवरून) घेतात नाहीतर ड्रायव्हरला सांगतात ३००० वर काटा धरा आणि त्यावरून रोलरचा वेग आणि इंजिनचे आरपीएम यांचा रेशो भरतात. काटा २८५० वर असताना त्यानं ३००० भरले तर पॉवर बरोबर येईल आणि टॉर्क ५ टक्के चुकेल. तुमच्याकडं कसं केलं होतं?

चाळीसगाव_टीडीआय:
हो हो, तसंच! चौथ्या गिअरला ३००० धरायला लावलं होतं, आणि मी नव्हतो, त्यांचा पोरगा बसला होता, एका हातात मोबाइल.

रावेर_केळीवाला:
😂 ३४५ विसरा.

बरं टायरमध्ये हवा किती होती? दोन्ही वेळेला सारखी पाहिजे. आणि पट्टे किती आवळले होते तेही, गाडी रोलरवर जास्त दाबून बांधली की टायर चेपतो अन् त्यातच दोन-तीन एचपी जातात. आमच्या भाच्याच्या गाडीला एकदा पट्टे सैल केले आणि आकडा वाढला, त्याला वाटलं इंजिन मोकळं झालं.

चाळीसगाव_टीडीआय:
हवा बघितलीच नव्हती. आत्ता जाऊन चेक केली, पुढच्या दोन्ही टायरला २६, पाहिजे ३२. मे मध्ये पण एवढीच असणार, कारण पुण्याहून आल्यापासून पंपावर हवा भरलेली नाही.

आणि ट्यूनरला आत्ताच फोन लावला. म्हटलं स्टॉक फाइल परत टाका, एक रन घ्या, मग रिमॅप टाका, लगेच दुसरा रन, एकाच तासात तुमच्याच डायनोवर, म्हणजे भरली-रिकामी दोन्ही पावत्या तुमच्याच काट्याच्या. तर म्हणतो येऊ शकता, पण फाइल टाकायचे पैसे नाही, रनचे वेगळे लागतील. मी म्हटलं डिसेंबरला येतो.

धुळेकर_स्पॅनर:
डिसेंबरला जाय, पन तठे जायना पहिले हवा भर भाऊ.