मदत हवी आहे: पुणे ते हावडा, आईला आझाद हिंदने न्यावं का?

आईला गंगासागरला न्यायचंय. विमानाने कोलकाता साधारण अडीच तास, पण ती विमानाचं नावही काढू देत नाही. रेल्वेने सुमारे 2,000 किमी! आझाद हिंद रोज आहे. दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, नागपूर, रायपूर करत तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे हावड्याला टेकते. म्हणजे दोन रात्री गाडीत. दुरांतो कमी थांबते, पण रोज नसते.

आईचे गुडघे धरतात, खालचा बर्थ हवाच. अलीकडे कुणी गेलंय का? गाडी वेळेत पोचते? उजाडेपर्यंत वेटिंग रूममध्ये बसता येतं का? दशम्या-चटणी पहिला दिवस निभावेल, नागपूरनंतर जेवणाचं काय करता? की नागपूरला मावशीकडे मुक्काम करून पुढे जावं? मला तेच बरं वाटतं, आई ऐकेल तर.