अबिस्कोचा हिवाळा मुलीसाठी टिपून ठेवायचाय, सल्ला हवा

पावसाळी_बेडूक:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत पाच दिवस उत्तर स्वीडनला, अबिस्कोला चाललोय. नॉर्दर्न लाइट्स दिसले तर उत्तमच, पण मला टोर्नेत्रेस्क तलाव आणि लाप्पोर्टनची ती यू आकाराची खिंड टिपायचीय. लेक तीन वर्षांची आहे. ती मोठी झाल्यावर 'तेव्हा हे असं होतं' म्हणून दाखवता यायला हवं. कॅमेरा मिररलेस, लेन्स १८-५५. बर्फाचा अनुभव म्हणाल तर सोलंगला भाड्याच्या गमबुटात काढलेली एक दुपार. काय काळजी घ्यायची, आणि नेमकं काय टिपायचं?

किरुनाकर:
मूळचा दहिवडीचा, अकरा वर्षं अबिस्कोजवळच्या किरुना शहरात. अबिस्कोत पाऊस आणि बर्फ धरून वर्षाला साधारण ३०० मिमी पडतो, ढग नॉर्वेकडच्या डोंगरांवरच रिते होतात. आमच्या माण तालुक्यासारखाच पर्जन्यछायेचा मुलूख, त्यामुळे आभाळ बऱ्याचदा मोकळं मिळतं.

बॅटऱ्या तीन न्या, आतल्या खिशात, अंगालगत. बर्फ फोटोत करडा येतो, एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे दुप्पट उजेड. खोलीत शिरण्याआधी बाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि आत आल्यावर दोन तास हात लावू नका. पहिल्या हिवाळ्यात मला दम निघाला नाही. कुकर उघडल्यावर चष्म्याचं होतं तसं लेन्सचं झालं, तेही आतल्या बाजूने.

आता लेकीसाठी. एकच जागा धरा. माझी खूण म्हणजे बर्चचं एक वाकडं झाड. दरवर्षी १५ फेब्रुवारीला दुपारी बारा वाजता त्याला पाठ टेकून उभा राहतो. लेन्स तीच, ट्रायपॉड छातीइतका, समोर लाप्पोर्टन. एका वर्षी खिंड दिसतच नव्हती, सगळं पांढरंफटक. तरी काढला. निघताना एक फोटो त्या बर्चचाही घेतो. त्याची उजवी फांदी कधी मोडली ते मला माहीत नाही, पण कोणत्या दोन फोटोंच्या मधे मोडली ते माहीत आहे.

आमच्याकडे बोर्ग मेश नावाचा फोटोग्राफर १८९९ मध्ये आला आणि काचेच्या प्लेटा घेऊन या डोंगरांत हिंडला. आपल्याला निदान प्लेटा वाहायच्या नाहीत.

पावसाळी_बेडूक:
भारी! मग एक दिवस हिमनदीलाही देऊ का? वितळताहेत म्हणतात.

किरुनाकर:
वितळताहेत हे खरंच. स्वीडनचा सर्वात उंच डोंगर केबनेकाइसे, त्याचं दक्षिण शिखर बर्फाचं आहे. ते इतकं खचलं की २०१९ मध्ये उत्तरेचं खडकाळ शिखर त्याहून उंच ठरलं. पण फेब्रुवारीत हिमनदीची कड ताज्या बर्फाखाली गडप असते, कुठवर आहे ते कळत नाही. त्यासाठी ऑगस्टअखेर या.

हिवाळ्यात वेगळं बघा. थंडीत मधेच पाऊस पडून गेला की बर्फावर काचेसारखा थर धरतो, आणि त्याखालचं दगडफूल रेनडिअरला उकरता येत नाही. बुटाने तो थर फोडा, तुकडा हातात धरून जवळून फोटो घ्या. दिसायला अगदी सामान्य येईल, पण जपून ठेवा.

जुना_रोल:
काढण्याचं झालं, ठेवण्याचं सांगतो. वडिलांनी १९८३ च्या हिमालय सहलीच्या दोन डबे स्लाइड्स ठेवल्यात, एकीवरही अक्षर नाही. आई म्हणते रोहतांग, काका म्हणतो झोजिला. दोघांचं यावरून अजून वाजतं. तेव्हा रॉ फाइल्सच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्सच्या, तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. निवडक दहा-बारा छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने तारीख, जागा, तोंड कुठल्या दिशेला ते लिहा. हार्ड डिस्क लेकीला उघडेल न उघडेल, पाकीट उघडेलच.

पावसाळी_बेडूक:
पेन्सिल घेतली! किरुनाकर, तो बर्च नेमका कुठे आहे?

किरुनाकर:
तो नाही सांगणार, तुमचा तुम्ही शोधा. आणि हातमोजे दोन जोड घाला, आत पातळ, वर जाड. उघड्या हाताने ट्रायपॉडच्या धातूला हात लावू नका, चिकटतो.