फाळक्यांची कंपनी म्हणजे घरचाच कारभार होता का?

रिळवेडा: घरच्यांनी मिळून चालवलेल्या फिल्म कंपन्यांबद्दल शोधत होतो तर सगळे लेख मोठ्या बॅनरपासूनच सुरू होतात. खरं तर सुरुवात १९१२ च्या फाळके फिल्म्सपासून व्हायला हवी ना? दादासाहेब पाठ आहेत सगळ्यांना, पण घरातले बाकीचे काय करायचे? आणि कंपनी पुढे मुलांकडे का नाही गेली?

जुनीपेटी: अरे घरचा कारभार म्हणजे अक्षरशः घरचाच. विमा पॉलिसीवर कर्ज काढून दादासाहेब लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा आणला, आणि शूटिंग, फिल्मची धुलाई (डेव्हलपिंग) सगळं दादरच्या राहत्या घरात. कच्ची फिल्म यायची ती बिनछिद्रांची, मग रात्री अंधारात बसून त्यांची बायको सरस्वतीबाई तिच्या कडेला छिद्रं पाडायच्या (त्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकणार कशी). दिवसा उन्हात तासन्‌तास पांढरी चादर धरून उभं राहायचं (आजचा रिफ्लेक्टर!), वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, आणि पैसे संपले की दागिने गहाण. 'राजा हरिश्चंद्र'मधला रोहिदास म्हणजे मुलगा भालचंद्र. तारामती मात्र बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके. आता बोला, प्रॉडक्शन मॅनेजर कोण होतं?

नाशिककर_७१: सगळं मान्य, पण हे पहिल्या काही वर्षांचं झालं. १९१८ ला मुंबईचे भांडवलदार घेऊन नाशकात हिंदुस्थान फिल्म्स काढली तिथे घरचं राज्य संपलं. भागीदारांना खर्चाचा हिशेब आणि फिल्म वेळेवर हवी, यांना मनासारखा शॉट हवा, शेवटी वैतागून राजीनामा दिला नि काशीला जाऊन नाटक लिहिलं, मग परत आले म्हणा, पण मालक म्हणून नाही. मुलांना द्यायला हातात उरलंच काय होतं? शेवटचा 'गंगावतरण' (१९३७) तर कोल्हापूर सिनेटोनचा, म्हणजे दुसऱ्याच्याच कंपनीत.

जुनीपेटी: मालकी गेली हे खरं, पण घर सेटवर होतंच की. 'कालिया मर्दन' (१९१९) मधला कृष्ण म्हणजे मुलगी मंदाकिनी. सुरुवातीलाच तिचे चेहऱ्यावरचे हावभाव दाखवलेत, ते बघाच, ही एवढीशी पोरगी!

रिळवेडा: म्हणजे बायकोचे दागिने गहाण होते तोवर मर्जी आपली, आणि शेठचा पैसा आला तेव्हा हिशेब. आता ते हावभाव शोधतो, लिंक असेल तर टाका रे कुणीतरी.