‘कृपेने तारलेला पापी’ की ‘कृपेने तारलेलं लेकरू’?

पानफूल: चर्चमधल्या उपासनेसाठी एक हिंदी पुस्तिका मराठीत करतेय. ‘अनुग्रह से बचाया गया पापी’ इथे अडले. मी लिहिलं, ‘कृपेने तारलेला पापी’. मंडळीतल्या एक वडीलबाई म्हणाल्या, तारण झालं तर पापी कसा? बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पवित्र जन म्हणतो, आणि तिथे तर भांडणं नि खटले चालू होते! शिवाय ‘अनुग्रह’ तसाच ठेवू का?

माळरान: अनुग्रह नको. मराठीत अनुग्रह गुरूकडून घेतात. माझ्या आजोबांनी घेतला होता, त्यानंतरचे नेमही आयुष्यभर पाळले. आपल्या मराठी बायबलात इफिस २:८ मध्ये ‘कृपेनेच’ आहे.

शब्दवेडा: पण कृपा साहेबाचीही असते. अर्जाखाली ‘आपला कृपाभिलाषी’ लिहीत, ते आठवा. म्हणजे माणूस कायमचा दाराशी उभा. अनुग्रहात ‘ग्रह्’ आहे, धरणं. मांजर पिलाला तोंडात धरून नेते. पिलू काहीच करत नाही. कृपेचं याहून नेमकं चित्र मला माहीत नाही.

माळरान: व्युत्पत्ती कुणाच्या कानात वाजते? केडगावला पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं (१९२४), ते साध्या बायामाणसांना कळावं म्हणूनच.

मांडवी: आम्ही गोव्यात ‘नमान मारिये, कुर्पेन भरलेले’ (कृपेने भरलेल्या मारिये, नमन) ही कोकणी प्रार्थना म्हणत वाढलो. ‘कुर्पा’ म्हणताना आईच्या मनात साहेब कधी आला नसेल. आणि शब्द ‘भरलेले’ आहे बघा, वरून टाकलेली भीक नव्हे.

पानफूल: पण पापी की लेकरू?

चिंचेखाली: लेकरू. रोम ८:१५ मध्ये ‘दत्तकपणाचा आत्मा’ आहे. आमचे काका दत्तक गेले. खोडी जुन्या घरच्याच राहिल्या, पण सातबाऱ्यावर नाव नव्या घरचं लागलं. त्यांची ओळख खोडीवरून कुणी सांगितली नाही.

माळरान: तीमथ्याला लिहिताना पौल पाप्यांमध्ये ‘मी मुख्य आहे’ म्हणतो, ‘होतो’ नाही. धर्मसुधारक मार्टिन लूथरही म्हणे, एकाच वेळी नीतिमान आणि पापी. माझ्या भावाची दारू सुटली तेव्हा ‘पापी’ याच शब्दाने त्याला धीर दिला. सोंग करावं लागलं नाही.

शब्दवेडा: मुळात ‘दत्तकपण’च अपुरं आहे. मूळ ग्रीक शब्दात पुत्र आहे, म्हणजे वारसा. ‘पुत्रत्व’ हवं.

पानफूल: आमच्या उपासनेला निम्म्याहून जास्त बाया असतात. त्यांनी ‘पुत्र’ म्हणायचं?

चिंचेखाली: म्हणून तर लेकरू म्हणतेय. लेकीलाही आता हिस्सा आहेच की.