मदत हवी आहे: नागपूरच्या जुन्या घराचा स्लॅब भट्टीसारखा तापतो, घर पाडावं की सुधारावं?

नमस्कार मंडळी,

नागपुरात आईबाबांचं १९८८ सालचं तळमजल्याचं घर आहे. हजार चौरस फूट, पाच इंची स्लॅब, त्यावर कोबा, भिंती नऊ इंची विटांच्या. बाबांची खोली पश्चिमेला. यंदा नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) मी तिथेच होते. रात्री साडेअकराला शिडीवर चढून छताला तळवा टेकवला, तर तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळापेक्षाही ते गरम लागलं. पंखा तीच हवा खाली ढकलत होता. बाबा ७६ वर्षांचे, ओला पंचा अंगावर घेऊन झोपतात. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आहे, पण आर्द्रता वाढली की तो निरुपयोगी.

ठेकेदार म्हणतो, पाडा आणि एएसी ब्लॉकचं (सच्छिद्र, हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचं) नवं ‘ग्रीन’ घर बांधा. भाऊ म्हणतो, दीड टनाचे दोन एसी लावून मोकळे व्हा.

मी थोडं गणित मांडलं. बांधकामाचा ढोबळ आडाखा म्हणजे चौरस फुटाला ०.४ पोतं सिमेंट आणि ४ किलो सळई. म्हणजे हजार फुटांना ४०० पोती (२० टन) सिमेंट आणि ४ टन लोखंड. किलोभर सिमेंटमागे ०.६ किलो आणि किलोभर सळईमागे सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तरी २० टनांच्या वर जातो. ब्लॉक, फरशा, काचा, राडारोडा वाहणारे ट्रक वेगळेच. उलट एसीने उन्हाळ्यात १५०० युनिटं खाल्ली आणि युनिटमागे ०.७ किलो धरला, तर वर्षाला एक टन. म्हणजे पाडून बांधण्यातच वीस उन्हाळ्यांच्या एसीइतका कार्बन पहिल्याच वर्षी हवेत जाणार. माझं काही चुकतंय का?

चुकत नसेल तर हेही सांगा: उष्णतारोधक थर गच्चीवर घालू की आतून पीओपीखाली? पश्चिमेच्या भिंतीचं काय करू? आणि एसी घ्यायचाच झाला तर कोणत्या गॅसचा?

प्रतिसाद १

आम्ही अकोल्यात दर मार्चमध्ये गच्चीला चुना मारतो, त्यात थोडा फेविकॉल घालून. खर्च अगदी कमी, खोलीतला फरक लगेच जाणवतो. धूळ बसली की परिणाम उतरतो आणि पावसात चुना निघतो, म्हणून दरवर्षी हात मारावाच लागतो. तुम्ही निदान बाबांच्या खोलीवर या आठवड्यातच मारून घ्या. बाकीचं सावकाश ठरवा.

प्रतिसाद २

ताई, हिशेब बरोबर आहे. सिमेंटच्या बाबतीत आणखी एक: भट्टीत कोळसा न जाळताही त्यातला निम्म्याहून जास्त कार्बन चुनखडीतूनच सुटतो. स्लॅब शाबूत असेल तर तो पाडू नका. फक्त सळई गंजून कुठे पोपडे सुटलेत का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून आधी पाहून घ्या.

आता छत. नागपुरात मे महिन्याच्या अखेरीस सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे सगळ्यात जास्त ऊन स्लॅबच झेलतो. काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतं आणि रात्री खोलीत सोडतं. साडेअकराला तुमच्या हाताला लागली ती हीच. उष्णता किती वेगाने आत शिरते याचं माप म्हणजे यू-मूल्य, जितकं कमी तितकं चांगलं. तुमच्या स्लॅब-कोब्याचं ते ३ च्या आसपास असेल. २०१८ च्या इको-निवास संहितेत (घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्राची नियमावली) छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. ५० मिलिमीटर एक्सपीएसचे (कडक प्लॅस्टिक फेसाचे) बोर्ड घातले तर ते ०.६ च्या खाली येतं. कोब्याची जाडी वाढवून हे जमत नाही, वजन तेवढं वाढतं.

थर गच्चीवरच घाला. आतून घातला तर स्लॅब तसाच तापत राहतो, आकुंचन-प्रसरणाने भेगा पडतात. क्रम असा: आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर बोर्ड, मग उताराचा पातळ थर आणि वर पांढरा चायना मोझेक. उतार चुकला तर बोर्डाखाली पाणी मुरतं आणि गळती कुठून होतेय ते सापडत नाही. हे काम स्वतः उभं राहून करून घ्या. बोर्ड घेताना त्याचा फेस कोणत्या वायूने फुगवलाय तेही विचारा. काही वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून घातक असतात.

पश्चिमेला आडवा छज्जा कामाचा नाही. तीननंतरचं ऊन तिरपं येतं, थेट छज्ज्याखाली शिरतं. खिडकीबाहेर बांबूची चिक टांगा, भिंतीपासून हातभर अंतरावर जाळी उभी करून वेल चढवा. आतला पडदा उन्हाला काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो.

एसी शेवटी घ्या. छत झाल्यावर एक टन पुरेल असं वाटतं. गॅस आर-२९० (प्रोपेन) असेल तर उत्तम, कार्बन डायऑक्साइडची १ धरली तर तापमानवाढीची त्याची क्षमता ३ च्या आसपास. आर-३२ ची ६७५ आणि आर-४१०ए ची २०८८. म्हणजे किलोभर आर-४१०ए गळला तर दोन टन कार्बन सोडल्यासारखंच. तांब्याची नळी बसवणारा माणूस चांगला बघा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल बाबांच्या खोलीवर चुना मारला. आज रात्री दहाला पुन्हा शिडीवर चढले, छत अजून गरम आहे, पण हात आरामात टेकवून ठेवता आला. बाबांनी पंचा ओला केला नाही.

ठेकेदाराला पाडकामाला नाही म्हणून कळवलंय. इंजिनीअर रविवारी येतायत. एकच शंका उरली: गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी आहे. तिच्या पायांखाली बोर्ड दबतील का, की तेवढी जागा सोडून थर घालायचा? कुणी केलं असेल तर फोटो टाकाल का?