इस्टरला मुलगा त्याच्या जोडीदाराला घेऊन घरी येतोय. व्हिजिलला (शनिवारी रात्रीच्या इस्टरच्या उपासनेला) दोघांना सोबत न्यावं का?

बावखलकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी वसईची, कॅथलिक, साठीच्या आसपासची. इथे ग्रुपवर सगळ्या धर्मांचे लोक आहेत, तरी प्रश्न मुख्यतः आमच्या ख्रिस्ती बंधुभगिनींना आहे.

माझा धाकटा मुलगा बंगळूरला नोकरी करतो. तो समलिंगी आहे हे त्याने काही वर्षांपूर्वी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. मिस्टरांनी बरेच दिवस अबोला धरला होता. आता फोनवर बोलतात, पण त्या विषयावर नाही. मुलाबरोबर राहणारा मुलगा कोल्हापूरकडचा आहे, हिंदू आहे, फार शांत. गेल्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री माझ्या उशाशी तोच असायचा. मला उठवत नव्हतं, तेव्हा भांडंसुद्धा त्याने दिलं आणि उचललं. पोटच्या मुलाने केलं नसतं एवढं त्याने केलं.

यंदा इस्टर ५ एप्रिलला. दोघं आज्ञा गुरुवारी (इस्टरच्या आधीच्या गुरुवारी) येणार आणि सोमवारपर्यंत राहणार. पोरगा लहानपणी वेदीसेवक (वेदीजवळ फादरांना मदत करणारा मुलगा) होता, पण कित्येक वर्षं मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलेला नाही. परवा फोनवर आपणहून म्हणाला, "ममी, शनिवारी रात्री आम्ही पण आलो तर चालेल का गं?" तेव्हापासून मला धड झोप नाही. ज्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला तिथे यायला त्याला विचारावं लागतंय.

आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते. आमच्याकडे कोण कुठल्या बाकावर बसतं हे साऱ्या गावाला पाठ असतं. मिस्सा सुटल्यावर आवारात हॅपी इस्टर करताना लोक विचारणारच, हा कोण? मित्र म्हटलं तर पोराला लागेल, खरं सांगितलं तर मिस्टर घरी बोलायचे बंद होतील. कम्युनियनचं (मिस्सेत देतात त्या पवित्र भाकरीचं) काय करायचं? फादरांना आधी कानावर घालावं का? नवीन आहेत, त्यांचा अंदाज नाही. सासूबाई नव्वदीच्या आहेत, त्यांना यातलं काहीच माहीत नाही. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

केळीची_वाडी

ताई, पोरगा आपणहून मिस्सेला येतो म्हणतोय. किती आया याची वाट बघत बसल्यात. त्या कोल्हापूरच्या मुलाची तर काळजीच करू नका. आमच्या आळीतल्या हिंदू शेजारणी नाताळला आणि इस्टरला आमच्याबरोबर मिस्सेला येतात, कुणी वळूनसुद्धा बघत नाही. घरी फुगे (तळलेले गोल पाव) आणि इंद्याल (मसालेदार मांसाचं कालवण) भरपूर करा.

निवृत्त_मास्तरीण

बावखलकाठ ताई, "चालेल का" याचं उत्तर आधी देते. चालेल, आणि हे त्याला आजच कळवा. मेसेज नको, फोन करा. तुमचा आवाज त्याला ऐकू येऊ दे.

शाळेची नोकरी सांभाळून मी कैक वर्षं रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले, पहिल्या कम्युनियनसाठी पोरं तयार केली. त्यातली काही आज चर्चच्या पायरीला पाय लावत नाहीत. खोलात जाऊन विचारलं तर देवावरचा विश्वास उडाला असं क्वचितच कुणी म्हणतं. कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं. एकीला घटस्फोटावरून, एकाला बायको कुठल्या समाजातली केली त्यावरून. आपल्या पट्ट्यात सामवेदी, वाडवळ, कोळी सगळे एका वेदीपुढे गुडघे टेकतात, पण सोयरिकीचा विषय निघाला की आजही घरात आवाज चढतात. बाहेर कुणाला ठेवायचं हे आपण वाडवडिलांपासून शिकत आलोय.

आता शनिवारच्या रात्रीकडे या. त्या रात्री जुन्या करारातली सात वाचनं असतात, मग रोमकरांस पत्र आणि मग शुभवर्तमान. वेळेअभावी बऱ्याच ठिकाणी काही वाचनं गाळतात. पाचवं असतं यशया ५५: तान्हेल्यांनो, पाण्याकडे या, ज्यांच्याजवळ पैका नाही तेही या. ते वाचलं गेलं तर कान देऊन ऐका. आणि घरी गेल्यावर मुलाबरोबर त्याच्या पुढचाच अध्याय वाचा, ५६वा. जुन्या नियमशास्त्राने, अनुवाद २३ मध्ये, षंढांना देवाच्या मंडळीत यायला मनाई केली होती. यशयाच्या तोंडून देव सांगतो की षंढाने "मी शुष्क वृक्ष आहे" असं म्हणू नये, माझ्या घरात मी त्याला मुलामुलींहून चांगलं नाव देईन.

ही गोष्ट तिथेच संपत नाही. इस्टरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी (यंदा २३ एप्रिल) मिस्सेत प्रेषितांची कृत्ये ८ वाचतात. कूशी राणीचा खजिनदार, षंढ, एवढा लांबचा प्रवास करून यरुशलेमला उपासनेला गेला होता. परतताना रथात बसून यशयाच वाचतोय, ५३वा अध्याय. फिलिप्प धावत जाऊन त्याला गाठतो, शेजारी बसतो, येशूबद्दल सांगतो. वाटेत पाणी लागतं आणि तो माणूस विचारतो, हे बघा पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? फिलिप्प यरुशलेमला निरोप धाडून परवानगी मागवत बसला नाही. दोघं पाण्यात उतरले. षंढ आणि समलिंगी एक नव्हेत, हे मला कळतं. पण जो लांबून आलाय, ग्रंथ हातात धरून बसलाय आणि भीत भीत विचारतोय की माझ्या आड काय येतंय, तो तुमचाच मुलगा आहे ताई. वर्गात हा उतारा शिकवताना दरवेळी माझा आवाज भरून यायचा.

आणि पुनरुत्थानाची पहिली बातमी कुणाला मिळाली? पेत्राला नाही. यंदा मत्तयाचं शुभवर्तमान आहे, त्यात पहाटे कबरेकडे मग्दालिया मरिया आणि दुसरी मरिया जातात. त्या काळी बाईच्या साक्षीला वजन नव्हतं, तरी येशू आधी त्यांना भेटला आणि माझ्या भावांना जाऊन सांगा म्हणाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये मग्दालिया मरियेच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी आज्ञा गुरुवारी बायकांचेही पाय धुवायची अधिकृत मुभा दिली. स्वतः त्यांनी २०१३ मध्येच रोमच्या बालसुधारगृहात जाऊन मुलींचे आणि मुसलमान मुलांचेही पाय धुतले होते. आमच्या धर्मग्रामात (आमच्या चर्चच्या हद्दीत) पाय धुण्यासाठी बसवतात त्या बारा जणांत पहिल्यांदा बायका बसल्या तेव्हा पुढच्या बाकांवर कुजबुज झाली. आज तिकडे कुणाचं लक्षही जात नाही. लोक बदलतात, पण कुणीतरी आधी त्या खुर्चीवर जाऊन बसावं लागतं.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांबद्दल. फादरांना जरूर भेटा, पण परवानगी मागायला नको. मुलगा बऱ्याच वर्षांनी येतोय, त्याला बोलावंसं वाटलं तर वेळ द्याल का, एवढंच विचारा. कम्युनियन हा तुमच्या मुलाचा, त्याच्या विवेकाचा आणि पापनिवेदनाचा विषय आहे. तो तुम्ही त्याच्या वतीने सोडवू नका. दुसऱ्याचा बाप्तिस्माच झालेला नाही, त्यामुळे तो इतर पाहुण्यांसारखा बाकावर बसेल. आणि "हा कोण" असं कुणी विचारलं तर त्याचं नाव सांगा आणि म्हणा, माझ्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर माझ्याजवळ होता, आमच्या घरचा आहे. यात एक अक्षर खोटं नाही, आणि पोरालाही लागणार नाही.

मेणबत्त्या घेताना त्या मुलासाठीही घ्या. खाली पुठ्ठ्याची चकती लावून द्या. सवय नसली की गरम मेण बोटांवर पडतं.

एक_बाप

मास्तरीणबाई, आपला आदर ठेवून बोलतो. चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातला परिच्छेद २३५७ समलिंगी संबंध चुकीचे मानतो, हेही ताईंना सांगायला हवं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मुभा दिली, पण विवाहाची शिकवण तसूभरही बदलली नाही. मुलाने जरूर यावं, मीही आनंदाने हात मिळवीन. पण जोडीने मिरवायला येऊ नये. चर्चमध्ये लहान मुलं असतात, ती बघतात. मला दोन नाती आहेत म्हणून बोलतोय.

निवृत्त_मास्तरीण

२३५७ मला पाठ आहे, शिकवण बदलली असं मी म्हटलेलंही नाही. पण लगेच पुढचा २३५८ तुम्ही सोडलात. त्यात या लोकांना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे सामावून घ्या, अन्याय्य भेदभावाची खूणसुद्धा दिसू देऊ नका, असं आहे. दोन्ही परिच्छेद आपल्यालाच बांधतात.

मिरवणं म्हणजे नक्की काय? आईच्या शेजारी बसणं? हातात मेणबत्ती धरणं? या घरात कुणी लग्न लावून द्या म्हणत नाहीय. एका आईला आपला मुलगा इस्टरच्या रात्री शेजारी हवाय.

आणि हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीर सांगितलं होतं की समलैंगिकता हा गुन्हा ठरवायला नको या मताला कॅथलिक चर्चने कधी विरोध केलेला नाही. कोर्टाला तिथवर यायला २०१८ साल उजाडलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लिस्बनला तरुणांच्या महासागरासमोर पोप फ्रान्सिस म्हणाले, चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे, आणि तो "सगळे" शब्द लोकांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. गेल्या वर्षीची जुबिली (कॅथलिकांचं पवित्र वर्ष) आशेच्या यात्रेकरूंची होती. तिच्यात सप्टेंबरमध्ये समलिंगी कॅथलिक आणि त्यांचे आईबाप क्रूस घेऊन संत पेत्राच्या महामंदिराच्या पवित्र दारातून आत गेले. रोमचं दार त्यांना उघडं होतं. आपल्या गावच्या चर्चचं दार त्याहून अरुंद का असावं?

तुमच्या नाती बघतील हे खरंच आहे. त्या जरूर बघू देत.

रात्रपाळी

मी नर्स आहे, वसईचीच. माझी गोष्ट वेगळी आहे तरी लिहिते. पहिलं लग्न मोडलं, दुसरं कोर्टात केलं. चर्चमध्ये कुणी मला ये किंवा जा म्हटलं नाही, पण मी येताना दिसले की बोलणं थांबायचं. म्हणून जाणंच सोडलं.

प्रायश्चित्तकाळात (इस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) आमच्या विभागात शुक्रवारी क्रुसाची वाट निघते, येशूच्या शेवटच्या वाटेची चौदा स्थानं आठवत. एकेक स्थान एकेका घराच्या अंगणात. ती माझ्या घरावरून जायची तेव्हा मी आतला दिवा बंद करून बसायचे. एका वर्षी विभागातल्या एका वयस्कर बाईंनी आदल्या संध्याकाळी दार वाजवलं आणि विचारलं, "सहावं स्थान तुझ्या अंगणात ठेवू का? येशूचं तोंड पुसणाऱ्या वेरोनिकाचं." मी म्हटलं, "माझं माहीत आहे ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "टेबल आहे ना तुझ्याकडे? पांढरी चादर घाल, क्रूस मी आणते." दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात शंभरेक माणसं उभी होती. ज्या बायका मला बघून गप्प व्हायच्या त्याही होत्या. माझ्या तुळशीजवळ गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना म्हटली. ते टेबल पुढे कितीतरी दिवस मी हलवलं नाही.

त्यानंतर मी फादरांकडे गेले, पहिलं लग्न रद्दबातल ठरवून घ्यायला चर्चच्या विवाह न्यायालयात अर्ज केला. २०१५ पासून चर्चच्या दुसऱ्या न्यायालयाकडून शिक्कामोर्तब करून घ्यायची सक्ती उरलेली नाही, त्यामुळे पूर्वीइतका वेळ गेला नाही. पण मला परत आणलं ते त्या बाईंनी, कागद नंतर आले.

ताई, तुमच्या विभागात अशी एक तरी बाई असेलच. तिला आधी विश्वासात घ्या. आवारात ती तुमच्या बाजूला उभी असली की निम्मी तोंडं तिथेच बंद होतात.

एक_बाप

ताई, तुमची गोष्ट वाचून बरं वाटलं. माझं मत मी सांगितलं, ते आहेच. पण तुमच्या घरावर कुणी बोट ठेवलं तर मला आवडणार नाही, हेही तितकंच खरं.

बावखलकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एक_बाप, तुमचेही. तुम्ही लिहिलंत ते मिस्टरांच्या मनातलं आहे, आणि ते माझ्याशी इतकं सरळ कधी बोलले नाहीत.

फोन केला. "चालेल, दोघंही या" म्हटल्यावर तिकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही, मग त्या दुसऱ्या मुलाने फोन घेतला आणि विचारलं, काकी, चर्चमध्ये काय घालायचं असतं? मी म्हटलं, इस्त्रीचा शर्ट घाल म्हणजे झालं.

फादरांना भेटून आले. त्यांनी ऐकून घेतलं, फार बोलले नाहीत. शनिवारी सकाळी मोकळा असतो, पाठवा म्हणाले. मिस्टरांना सगळं सांगितलं. ते "बघू" म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

सासूबाईंचं मात्र सुचत नाहीय. सांगावं की तसंच राहू द्यावं?

निवृत्त_मास्तरीण

ते मुलाला विचारा, आजी त्याची आहे. त्याला सांगायचं असेल तर त्याच्या तोंडून, त्याच्या वेळेला. तुम्ही आधी जाऊन जमीन तयार करू नका. नव्वदीच्या बायकांनी आपल्याला वाटतं त्याहून बरंच काही पाहिलेलं असतं.

तुमची व्हिजिल किती वाजता आहे ते खासगी निरोपात कळवा. मुलांची हरकत नसेल तर मी रिक्षाने येते आणि तुमच्या मागच्या बाकावर बसते. मिस्सा सुटल्यावर आवारात त्या दोघांना पहिलं हॅपी इस्टर मी करणार.

रात्रपाळी

त्या शनिवारी माझी सुट्टी आहे. मलाही वेळ कळवा.